व्हॉट्सॲप बिझनेस: सोलापूरच्या चादर-टॉवेल धंद्यात कुठे पुरतं, कुठे कमी पडतं

चाटी गल्लीतलं दुकान असो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना असो की चार मशिनांवर गणवेश शिवणारं युनिट असो, बाहेरगावच्या पार्टीशी पहिलं बोलणं आता बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरच होतं. 'रेट भेजो' एवढाच मेसेज येतो आणि व्यवहाराला तोंड फुटतं. त्यासाठी 2018 च्या जानेवारीत आलेलं व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप फुकट मिळतं. दोन ते दहा माणसांच्या धंद्याला ते कितपत उपयोगी आहे आणि ते नीट चालवायचं कसं, याचं हे परीक्षण.

निर्णय आधीच सांगतो. चौकशीला उत्तर देणं, माल दाखवणं, एलआर (ट्रान्सपोर्टची पावती) पाठवणं आणि थकलेल्या बाकीची आठवण करून देणं या चार कामांना याच्याइतकं सोयीचं दुसरं साधन नाही. भाव ठरवणं आणि तक्रार मिटवणं ही दोन कामं मात्र निव्वळ याच्यावर सोडली तर पैसे जातात. त्यात ॲपचा दोष थोडा आहे, अर्धवट लिहिण्याच्या सवयीचा मोठा आहे.

पहिला प्रश्न नंबरचा. साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस ॲप एकाच नंबरावर चालत नाहीत. मालकाच्या खासगी नंबरावरच बिझनेस ॲप सुरू केलं तर घरचे मेसेज आणि पार्टीचे मेसेज एकात एक होतात, आणि फोन दुकानातल्या मुलाच्या हाती देता येत नाही. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, आणि ते मालकाच्या किंवा फर्मच्या नावावर घ्या. सेल्समनच्या नावावरच्या सिमवर धंदा उभा राहिला आणि तो नोकरी सोडून गेला, तर सगळ्या पार्ट्यांचा संपर्क त्याच्याबरोबर जातो. दुकानाचा जुना लँडलाइन नंबर गिऱ्हाइकांच्या तोंडात बसलेला असेल तर तोही चालतो. पडताळणीच्या वेळी मेसेजऐवजी कॉलचा पर्याय निवडायचा, कोड फोनवर ऐकू येतो. नंबर सुरू झाला की त्याच दिवशी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. तो मालकाशिवाय कोणाकडे नको.

एका खात्याला मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात. ऑफिसचा कॉम्प्युटर, पॅकिंगकडचा फोन आणि हिशेबनिसाचा लॅपटॉप एवढं त्यात बसतं. मुख्य फोन मात्र 14 दिवसांत एकदा तरी वापरावा लागतो, नाहीतर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. या सोयीत एक उणीव आहे आणि ती रोज जाणवते: कोणत्या माणसाने उत्तर दिलं ते चॅटमध्ये दिसत नाही. एकाने भाव 142 सांगितला आणि दुसऱ्याने 138, तर समोरचा 138 धरून बसणार, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नाही. उपाय साधा आहे. भाव सांगण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा आणि प्रत्येक मेसेजच्या शेवटी लिहिणाऱ्याने आपलं नाव टाकायचं असा नियम करा.

प्रोफाइलमध्ये नाव, पत्ता, वेळ आणि सुट्टीचा वार भरायला दहा मिनिटं लागतात, तरी बरीच प्रोफाइल रिकामी दिसतात. सोलापूर स्टेशनवर उतरून थेट कारखान्यावर येणाऱ्या व्यापाऱ्याला प्लॉट नंबर आणि जवळची खूण दोन्ही हवं असतं. नकाशावरची खूण गेटवर लावा, रस्त्याच्या मधोमध नको. वर्णनात आपण कारखानदार आहोत की व्यापारी ते स्पष्ट लिहा. खरेदीदार सर्वांत आधी तेच पाहतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक निर्देशांकाची, म्हणजे जीआयची नोंदणी आहे. तो टॅग लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद लागते. बाहेरून आणून इथे विकलेल्या मालाला 'सोलापुरी' म्हणू नये. एवढ्या पिढ्यांनी कमावलेलं नाव आहे, ते एका कॅटलॉगच्या ओळीपायी घालवायचं नाही.

ग्रीटिंग मेसेज म्हणजे नवीन माणसाने पहिल्यांदा लिहिलं की आपोआप जाणारं उत्तर. जुन्या गिऱ्हाइकाशी 14 दिवस काही बोलणं नसेल तर त्यालाही ते पुन्हा जातं. इथे 'आमच्या फर्ममध्ये आपले हार्दिक स्वागत आहे, आम्ही लवकरच संपर्क करू' असं लिहून ठेवण्याची पद्धत आहे. ती जागा वाया जाते. त्याच मेसेजमध्ये चार गोष्टी विचारून घ्या:

'नमस्कार. भाव लगेच देता यावा म्हणून एवढं कळवा: 1) माल कोणता, चादर, टॉवेल की नॅपकिन 2) साइज आणि वजन 3) किती डझन 4) माल कोणत्या गावी जाणार. सकाळी 10 ते संध्याकाळी 7 या वेळात उत्तर मिळेल.'

'रेट भेजो'वाल्याला हे आपोआप गेलं की खरा घेणारा चारही उत्तरं देतो. नुसता भाव काढून दुसरीकडे दाखवणारा बहुधा गप्प होतो. आपला अर्धा वेळ तिथेच वाचतो. पार्टी तेलंगणची किंवा कर्नाटकची असेल तर मराठी मेसेज तिथे उपयोगाचा नाही, म्हणून हाच मजकूर हिंदीतही खाली जोडा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत तेलुगू जाणणारी माणसं असतातच. हैदराबादकडच्या जुन्या पार्टीला तेलुगूत दोन ओळी गेल्या तर संबंध घट्ट होतो, पण आकडे, साइज आणि तारीख तेलुगूत बोलल्यावरही अंकांतच लिहा. 'पावणेदोनशे' आणि 'अडीचशे' हे आपल्या कानाला सरळ वाटतात, तमिळनाडूच्या खरेदीदाराला नाही. 175 आणि 250 असं लिहिलं की प्रश्न उरत नाही.

अवे मेसेज, म्हणजे दुकान बंद असतानाचं उत्तर, कामाच्या वेळेबाहेर आपोआप जायला लावता येतं. त्यासाठी त्या वेळी फोनवर इंटरनेट चालू असावं लागतं. रात्री डेटा बंद करून झोपलात तर तो मेसेज जात नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत किंवा दिवाळीत चार दिवस बंद असेल तर 'सुट्टी आहे' एवढ्यावर थांबू नका, 'कारखाना 17 तारखेला सकाळी 10 ला सुरू होईल, तोवर आलेल्या ऑर्डरचा माल 17 नंतर निघेल' असं लिहा. बाहेरच्या माणसाला गड्डा ठाऊक नसतो. त्याला फक्त उत्तर आलं नाही एवढंच दिसतं.

कॅटलॉग हा या ॲपचा सर्वांत चांगला भाग. 500 वस्तू टाकता येतात, प्रत्येकीला दहा फोटोपर्यंत. साध्या चॅटमध्ये फोटो पाठवत बसण्यापेक्षा कॅटलॉगची लिंक दिली की गिऱ्हाईक स्वतः डिझाइन निवडून कार्टमधून मागणी पाठवतं. पण 'फॅन्सी चादर', 'सुपर क्वालिटी टॉवेल' अशी नावं दिलीत तर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही आणि तोच प्रश्न चॅटमध्ये येतो. नावात माल, साइज आणि डिझाइन नंबर हवा: 'जकार्ड चादर 60 बाय 90, डिझाइन 27'. वर्णनात सूत, वजन, रंग किती, कमीत कमी ऑर्डर किती आणि एका गाठीत किती नग बसतात ते. डिझाइन नंबर फोटोतही चिठ्ठीवर लिहिलेला दिसू द्या, कारण पुढे तो फोटो चार जणांकडे फिरून येतो आणि कोणत्या मालाचा आहे ते कोणालाच ओळखू येत नाही.

फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा. पिवळ्या बल्बखाली पांढरा टॉवेल मलई रंगाचा दिसतो. एक फोटो पूर्ण उघडलेल्या नगाचा, एक घडीचा, एक बॉर्डर आणि पाइलचा (टॉवेलवरच्या फासांचा) अगदी जवळून, आणि एक शेजारी टेप धरलेला. रंगाची खात्री मात्र फोटोवरून देऊच नका. कॅमेरा आपल्या हिशेबाने रंग बदलतो, समोरच्याचा स्क्रीन पुन्हा वेगळा. रंग ठरवायचा तो शेड कार्डच्या, म्हणजे रंगांच्या नमुना-कार्डाच्या नंबरवर किंवा कुरिअरने पाठवलेल्या तुकड्यावर, आणि त्या तुकड्याचा दुसरा अर्धा भाग तारीख टाकून आपल्याकडे ठेवायचा. चॅटमध्ये साधा पाठवलेला फोटो ॲप दाबून लहान करतं. विणीचा बारकावा दाखवायचा असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ दर्जा टिकतो.

आता वजन. या धंद्यात सर्वांत जास्त भांडणं याच एका आकड्यावरून होतात. पार्टी लिहिते, '30 बाय 60, 400 का टॉवेल, 100 डझन'. हे 400 म्हणजे 400 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) की नगाला 400 ग्रॅम? 30 बाय 60 इंच म्हणजे 0.762 बाय 1.524 मीटर, क्षेत्रफळ साधारण 1.16 चौरस मीटर. 400 जीएसएम धरलं तर एक नग सुमारे 465 ग्रॅमचा होतो. नगाला 400 ग्रॅम धरलं तर तोच टॉवेल सुमारे 345 जीएसएमचा झाला. 1,200 नगांवर हा फरक 77 किलोंच्या आसपास जातो. भाव 465 ग्रॅमच्या हिशेबाने घेऊन माल 400 चा गेला की पार्टी फसवल्याचा आरोप करते. उलट झालं तर 77 किलो सूत कारखानदाराच्या खिशातून जातं. चॅटमध्ये दोघांनी '400' लिहिलेलं असतं आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत असंच वाटतं.

म्हणून व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेताना पार्टीचा मेसेज हीच ऑर्डर समजू नका. सगळं आपल्या शब्दांत पुन्हा लिहून पाठवा आणि त्यावर होकार घ्या. नमुना असा:

'ऑर्डर तपासून घ्या. टेरी टॉवेल, डिझाइन 114. साइज 30 बाय 60 इंच. वजन 400 जीएसएम, म्हणजे नगाला अंदाजे 465 ग्रॅम, 3 टक्के कमी-जास्त. रंग 4, शेड कार्ड नंबर 6, 9, 15, 22, प्रत्येकी 25 डझन. एकूण 100 डझन, 1,200 नग. भाव नगाला 142 रुपये, जीएसटी वेगळा. भाव सोलापूर गोडाऊनपोच, ट्रान्सपोर्ट टू-पे. ॲडव्हान्स 30 टक्के, बाकी रक्कम माल मिळाल्यापासून 30 दिवसांत. ॲडव्हान्स 3 तारखेपर्यंत जमा झाला तर माल 18 तारखेला ट्रान्सपोर्टला दिला जाईल. बरोबर असल्यास "100 डझन, 142 रुपये, मान्य" असं लिहून पाठवा.'

यातली प्रत्येक ओळ एकेका भांडणाची वाट बंद करते. डझनाबरोबर नग लिहिलेत म्हणजे 100 नग की 100 डझन असा घोळ नाही. 'जीएसटी वेगळा' लिहिलं नाही तर बिल पाहून पार्टी म्हणते, भाव सगळं धरून ठरला होता. 'टू-पे', म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं, हे लिहिलं नाही तर भाडं कोणी द्यायचं यावरून माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये पडून राहतो आणि डॅमरेज (पडून राहिल्याचा आकार) चढतं. तारीख लिहिताना ती माल तयार होण्याची, ट्रान्सपोर्टला देण्याची की गावी पोचण्याची, हे लिहिलंच पाहिजे. 'आठ-दहा दिवसांत देतो मालक' हे तोंडी ठीक आहे, पण लिहिताना तारीख टाका आणि ती ॲडव्हान्सच्या तारखेला बांधून टाका. ॲडव्हान्स पाच दिवस उशिरा आला तर माल आपोआप पाच दिवस पुढे जातो, त्यावर वाद नको.

नुसत्या अंगठ्यावर किंवा 'ओके'वर माग चालू करू नका. 'ओके' म्हणजे मान्य, वाचलं, की बघतो, हे समोरचा सोयीने ठरवतो. आकडा त्याच्याकडून लिहून घेण्याला आणखी एक कारण आहे. पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो. बदलल्यावर 'एडिटेड' एवढं दिसतं, पण आधी काय होतं ते दिसत नाही. मेसेज सगळ्यांकडून पुसून टाकायला तर साधारण दोन दिवसांपेक्षाही जास्त मुदत मिळते. दोघांच्याही मेसेजमध्ये तोच आकडा असला की एकाने पुसला तरी दुसऱ्याचा शिल्लक राहतो.

व्हॉइस नोटचं प्रमाण आपल्याकडे फार आहे, माग चालू असताना टाइप कोण करणार. बोलायला हरकत नाही. पण व्हॉइस नोटमधला आकडा नंतर शोधता येत नाही, आणि मागाच्या आवाजात 'साठ' आणि 'सात' एकसारखे ऐकू येतात. फोनवर किंवा व्हॉइस नोटमध्ये काही ठरलं तर पाच मिनिटांच्या आत 'आत्ता बोलल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून तीन ओळी लिहून टाका. रात्री लिहू म्हटलं की राहून जातं.

क्विक रिप्लाय म्हणजे तयार उत्तरं, तिरकी रेघ टाकून शॉर्टकट लिहिला की मजकूर समोर येतो. 50 पर्यंत ठेवता येतात, पण सात-आठच ठेवा, नाहीतर कोणतं कशाचं ते कामगाराच्या लक्षात राहत नाही. बँक खात्याची माहिती, कमीत कमी ऑर्डर, सॅम्पलचे नियम, पत्ता, ऑर्डर तपासणीचा वरचा साचा, माल रवाना झाल्याचा मेसेज आणि बाकीची आठवण एवढं पुरतं. बँक खातं तयार उत्तरातूनच जाऊ द्या, दर वेळी हाताने टाइप केलं तर कधी ना कधी एक आकडा चुकतो. खातं बदललं असेल तर मेसेजबरोबर फोन करून सांगा, कारण 'आमचं खातं बदललं आहे' असे खोटे मेसेज पाठवून पैसे लाटण्याचे प्रकार सर्रास होतात. पार्टीलाही सांगून ठेवा, फोन केल्याशिवाय नव्या खात्यात पैसे भरू नका.

लेबलं आधीच पाच तयार येतात आणि एकूण 20 पर्यंत ठेवता येतात. नवीन गिऱ्हाईक, नवीन ऑर्डर वगैरे ती सर्वसाधारण लेबलं आपल्या धंद्याला बसत नाहीत. त्याऐवजी 'भाव दिला', 'सॅम्पल गेलं', 'ॲडव्हान्स आला', 'मागावर', 'पॅकिंग', 'एलआर दिली', 'बाकी' अशी करा. रोज सकाळी 'भाव दिला' उघडून दोन दिवस उत्तर नसलेल्यांना एक मेसेज. सॅम्पल पोचल्यावर मात्र आठवडा द्या, टॉवेल धुऊन बघायला वेळ लागतो. त्यानंतर 'सॅम्पल कसं वाटलं' असं मोघम विचारू नका, 'वजन आणि रंग ठीक आहे का, की 450 जीएसएममध्ये दुसरा नग पाठवू' असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणं सोपं असतं, म्हणून उत्तर येतं.

माल निघाल्याचा मेसेज सर्वांत सोपा आणि तरी सर्वांत अपुरा लिहिला जातो. एलआरचा फोटो पाठवला की काम झालं असं वाटतं. पार्टीला लागतं ते: एलआर नंबर, तारीख, ट्रान्सपोर्टचं नाव आणि तिकडच्या गोडाऊनचा फोन, गाठी किती, गाठींवरचे मार्क, बिलाची पीडीएफ, आणि दुसऱ्या राज्यात 50,000 रुपयांवरचा माल असेल तर ई-वे बिल. वर एक ओळ जरूर लिहा: 'गाठ फाटलेली किंवा ओली दिसली तर डिलिव्हरी घेताना ट्रान्सपोर्टच्या पावतीवर तसा शेरा मारून घ्या, फोटो काढा, मग गाठ उघडा.' शेरा न मारता माल घरी नेला तर ट्रान्सपोर्टवर दावा टिकवणं कठीण जातं आणि सगळा राग कारखानदारावर निघतो.

बाकी मागताना लाजू नये आणि चिडूही नये. मुदतीच्या तीन दिवस आधी, मुदतीच्या दिवशी आणि त्यानंतर आठवड्याने, असे तीन मेसेज ठरवून टाका. प्रत्येकात बिल नंबर, तारीख, रक्कम, मुदत आणि खातं. 'शेठ, जरा बघा ना' या मेसेजला 'हो, बघतो' असंच उत्तर येणार. 'बिल 231, 84,600 रुपये, मुदत 12 तारीख. कोणत्या तारखेला जमा होईल ते कळवा' असं विचारलं की तारीख द्यावी लागते. पार्टीला ग्रुपमध्ये किंवा स्टेटसवर टोचून लिहू नका. पैसे त्याने येत नाहीत, गिऱ्हाईक तेवढं जातं.

मुदत लिहून ठेवण्यामागे कायद्याचंही बळ आहे. एमएसएमई विकास कायदा 2006 प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर 15 दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. शिवाय आयकराच्या नियमानुसार 2023-24 या आर्थिक वर्षापासून अशी थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही. ती वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. यासाठी आपली उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) हवी आणि तिचा नंबर बिलावर व प्रोफाइलमध्ये हवा. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानाला उशिराच्या पैशांबाबतचं हे संरक्षण नाही, विणणाऱ्या किंवा शिवणाऱ्या युनिटला आहे. माल मिळाल्यावर खरेदीदाराची हरकत असेल तर ती 15 दिवसांत लेखी आली पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. दोन महिन्यांनी पैसे मागितल्यावर 'माल खराब होता' म्हणणाऱ्याला हे सौम्य शब्दांत दाखवता येतं.

तक्रारीत मात्र ॲपचा हात आखडता पडतो. रागावलेल्या माणसाशी टाइप करून बोललं की प्रत्येक वाक्य मूळ अर्थापेक्षा कडक वाचलं जातं. तासाभरात पहिलं उत्तर द्या, त्यात ना कबुली ना नकार: 'कळवलंत ते बरं केलंत. बघून संध्याकाळी 5 वाजता फोन करतो. तोवर गाठीवरच्या मार्कचा फोटो, खराब नगांचा जवळून फोटो, आणि एकूण किती नग तसे निघाले ते पाठवा.' मग ठरल्या वेळी फोन कराच. बोलणं फोनवर, निर्णय लेखी: 'रंग 15 चे 40 नग परत घेऊ, येण्याचं भाडं आमचं, बदली माल 25 तारखेला.' 'पहिल्या धुण्यात रंग गेला' अशी तक्रार असेल तर कसं धुतलं ते विचारा, आपल्याकडे राखलेला तुकडा तसाच धुऊन बघा आणि दोन्हींचा फोटो पाठवा. आपल्याकडचाही तुकडा रंग सोडत असेल तर पुढचा शब्द न बोलता माल बदलून द्या.

ब्रॉडकास्टकडून, म्हणजे एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवण्याच्या सोयीकडून, फार अपेक्षा धरू नका. एका यादीत 256 जण, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. त्यामुळे पहिल्याच ऑर्डरच्या वेळी नंबर सेव्ह करायला सांगा. सगळ्यांना सगळं पाठवण्यापेक्षा वेगळ्या याद्या करा. लग्नसराईआधी आहेराच्या टॉवेल-टोपीची यादी गावोगावच्या कापड दुकानदारांना, पांढऱ्या टॉवेलची लॉज-हॉटेलवाल्यांना. महाराष्ट्रातल्या शाळा जूनमध्ये उघडतात, गणवेशाचं कापड आणि शिलाई यांचं बोलणं त्याच्या कितीतरी महिने आधी व्हावं लागतं, मे महिन्यात पाठवलेली जाहिरात उपयोगाची नाही. रोज 'गुड मॉर्निंग' पाठवणाऱ्या नंबराला लोक ब्लॉक करतात, तक्रारी वाढल्या तर खातंच बंद होऊ शकतं. विकत आणलेल्या नंबरांच्या याद्या तर अजिबात नकोत.

तोटे आणखी दोन. हिशेब ठेवणं हे या ॲपचं काम नाही. ऑर्डर मान्य झाली की ती वहीत किंवा टॅलीत त्याच दिवशी उतरली पाहिजे. आणि सगळा पत्रव्यवहार एका फोनवर असतो. रोजचा बॅकअप चालू ठेवा. अँड्रॉइडवर तो गुगल खात्यात जातो आणि तिथल्या मोफत जागेत मोजला जातो, जागा संपली की बॅकअप मुकाट्याने थांबतो, म्हणून महिन्यातून एकदा शेवटची तारीख तपासा. मोठ्या ऑर्डरचं चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा. इलेक्ट्रॉनिक मजकुरावर झालेला करार माहिती तंत्रज्ञान कायद्याने चालतो, पण कोर्टात चॅट पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. मूळ मेसेज ज्या फोनवर आहेत तो फोन वाद मिटेपर्यंत विकू नका, फॉरमॅट करू नका.

निर्यात, सरकारी निविदा, बँक, मोठ्या हॉटेल कंपन्यांची खरेदी, इथे ईमेलच लागतो. तिथे परचेस ऑर्डर, तारखा आणि जोडलेली कागदपत्रं एका विषयाखाली राहतात आणि माणूस बदलला तरी पत्रव्यवहार फर्मकडे राहतो. व्हॉट्सॲपवर 'मेल पाठवला आहे, पाहून घ्या' एवढंच लिहा. दिवसाला शेकडो चौकशा येत असतील आणि पाच-सहा जणांना एकाच नंबरावर उत्तरं द्यायची असतील तर याच कंपनीचं एपीआय, म्हणजे मोठ्या धंद्यांसाठीची वेगळी सेवा आहे. त्यात मेसेजमागे पैसे पडतात आणि मध्यस्थ कंपनीचं सॉफ्टवेअरही बहुधा घ्यावं लागतं. सोलापुरातल्या बहुतेक युनिटांना त्याची गरज नाही. त्यांनी आज संध्याकाळी ग्रीटिंग मेसेज बदलावा, ऑर्डर तपासणीचा साचा क्विक रिप्लायमध्ये टाकावा आणि सेटिंगमध्ये जोडलेली उपकरणं उघडून नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा फोन अजून तिथे दिसतो का ते पाहावं.